‘ओरिजिनल हापूस, त्वरा करा’ लिहूनही मेल कोणी उघडत नाही

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. सासऱ्यांच्या काळात सगळ्या पेट्या वाशी मार्केटला जायच्या. आता निम्म्याहून जास्त माल आम्ही थेट ग्राहकांना पाठवतो. ऑर्डरच्या वह्या आणि वेबसाइट मिळून साधारण १,२०० जणांचे ईमेल पत्ते जमलेत. बहुतेक पुण्या-मुंबईचे आहेत. काही बंगळुरूचे, दुबईचे. ते इथल्या आईवडिलांसाठी पेटी बुक करतात. व्हॉट्सॲपवर एका ब्रॉडकास्ट यादीत २५६च जण बसतात, आणि ज्यांनी आमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. म्हणून मेल सुरू केले. ते काम पुतण्या बघतो. सब्जेक्ट असा असतो: ‘धमाका ऑफर!!! ओरिजिनल देवगड हापूस!!! त्वरा करा!!!’ आणि पुढे तीन आंब्यांची चित्रं. गेल्या हंगामात मेल फारच थोड्यांनी उघडले. दोन जुन्या ग्राहकांनी तर मेल स्पॅममध्ये सापडल्याचं सांगितलं. आता पुतण्या म्हणतो, सब्जेक्टमध्ये ‘तुमच्या ऑर्डरबाबत’ असं लिहू, म्हणजे लोक उघडतीलच. मला ते पटत नाही, पण मेल वाचलाच गेला नाही तर पेट्या विकायच्या कशा? सब्जेक्ट मराठीत असावा की इंग्रजीत, किती लांब असावा, तेही सांगा.

— एक आंबा बागायतदार, ता. देवगड

उत्तर

ताई,

तुम्हाला पटलं नाही तेच बरोबर आहे. ‘तुमच्या ऑर्डरबाबत’ हा सब्जेक्ट ऑर्डर न केलेल्या माणसाला एकदाही पाठवू नका. पुतण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे: लोक उघडतील. पण उघडताना त्यांच्या मनात काय असेल? ‘मी तर काही मागवलं नव्हतं, पैसे कापले गेले की काय?’ धास्तीने मेल उघडायचा आणि आत जाहिरात निघायची. असा माणूस पेटी बुक करत नाही, ‘स्पॅम म्हणून नोंदवा’ हे बटण दाबतो. आणि मे महिन्यात खरोखरच गाडी घाटात अडकली, पेटी एक दिवस उशिरा पोचणार असली, तेव्हा ‘तुमच्या ऑर्डरबाबत’ हेच शब्द तुम्हाला लागतील. तोवर त्यांच्यावर कोणाचा विश्वास उरलेला नसेल.

ते बटण किती महागात पडतं ते आकड्यांत बघा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलचं म्हणणं असं, की स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजार जीमेल पत्त्यांवर मेल पोचला तर तिघांची तक्रार ही हद्द झाली. तुमच्या यादीतल्या तीन-चार जणांना राग आला, तरी पुढच्या वेळी बाकीच्या अकराशे जणांचा मेल स्पॅममध्ये जायची वाट मोकळी होते. गेल्या वर्षी ज्या दोघांना मेल तिथे सापडला, त्यांनी तुम्हाला निदान सांगितलं तरी. बाकीच्यांचं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला भुलवून विकायच्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिलेत, आणि खोटी घाई दाखवून विकणं हा त्यातला एक. माल भरपूर असताना ‘शेवटच्या १० पेट्या’ लिहिणं त्यात बसतं. छोट्या बागायतदाराकडे कोण बघतंय, असं पुतण्या म्हणेल. पण तुमचा धंदा ओळखीवर चालतो, आणि ओळखीच्या माणसाशी असं वागायचं नसतं. मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

आता तुमच्या जुन्या सब्जेक्टकडे येते. ‘ओरिजिनल देवगड हापूस’ हे शब्द एप्रिलमध्ये पुण्यातल्या प्रत्येक हातगाडीवरच्या पुठ्ठ्यावर असतात. कर्नाटकातला आंबा विकणाराही तेच लिहितो. २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची त्याखाली नोंदणी असेल तर मेलच्या आत आणि पेटीवर जरूर लिहा. सब्जेक्टमध्ये मात्र ‘ओरिजिनल’ हा शब्द काहीच काम करत नाही, कारण तुमच्या यादीतल्या बहुतेकांनी तुमचा आंबा खाल्लेला आहे. तो खरा आहे हे त्यांना पटवायची गरजच नाही.

मग त्यांना काय माहीत नाही? यंदा मोहोर कसा होता. पहिली काढणी कधी. पेट्या किती निघतील, भाव काय, कळवायचं कधीपर्यंत. या गोष्टी पुण्यातल्या माणसाला दुसरं कोणीही सांगू शकत नाही. त्या फक्त तुम्हाला माहीत आहेत. माझं सगळं सांगणं एवढ्याभोवतीच आहे: बागेतली ताजी बातमी हाच तुमचा सब्जेक्ट. मेल लिहून झाल्यावर स्वतःला विचारा, ‘हा मेल पाठवण्याआधी माझ्या ग्राहकाला काय ठाऊक नव्हतं?’ त्याचं उत्तर एका ओळीत मांडा. जी ओळ रत्नागिरीचा बागायतदारही जशीच्या तशी वापरू शकेल, ती खोडा.

तुमचाच सब्जेक्ट घेऊन करून बघू. ‘धमाका ऑफर!!! ओरिजिनल देवगड हापूस!!! त्वरा करा!!!’ यातून उद्गारचिन्हं आधी काढू. ‘धमाका’ काढू, आंब्याला धमाका कशाला हवा? ‘ऑफर’ म्हणजे नक्की काय होतं? समजा, पहिल्या काढणीच्या पेटीवर २०० रुपये कमी होते. मग तो आकडाच लिहू. ‘त्वरा करा’ म्हणजे कधीपर्यंत? मंगळवारपर्यंत. आता उरतं ते असं:

‘पहिली काढणी शनिवारी, ६० पेट्या’

आणि त्याच्या खाली इनबॉक्समध्ये जी फिकट ओळ दिसते, त्या प्रीव्ह्यूच्या ओळीत:

‘५ डझनाची पेटी, २०० रुपये कमी. मंगळवारपर्यंत कळवा.’

घाई इथेही आहे, पण ती आकड्यांतून कळते. पेट्या ६० म्हणजे खरोखर ६०च असल्या पाहिजेत. ८० निघाल्या तर उरलेल्यांचा वेगळा मेल करा, ‘अजून २० पेट्या निघाल्या’. तीही बातमीच आहे आणि लोकांना ती आवडते.

प्रीव्ह्यूच्या त्या ओळीकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. ती मोकळी सोडली तर मेल ॲप मजकुरातली पहिली ओळ उचलतं, आणि ती बऱ्याचदा ‘मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’ अशी असते. मेल पाठवायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी वेगळी चौकट असते. पुतण्याला ती शोधायला सांगा. सब्जेक्टमध्ये बातमी आणि प्रीव्ह्यूत भाव किंवा मुदत, अशी वाटणी केली की दोन्ही ओळी सुटसुटीत राहतात.

सब्जेक्टच्याही आधी माणूस बघतो ते पाठवणाऱ्याचं नाव. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते: तिथे काय दिसतं? ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ असेल तर या आठवड्यात बदला. ज्या नावाने ग्राहक तुम्हाला फोनवर ओळखतात ते नाव, आणि पुढे बागेचं किंवा गावाचं नाव. एकदा ठरवलं की दर मेलला तेच. हे नाव रोमन अक्षरांत ठेवलंत तरी हरकत नाही. एखाद्याला पुढच्या मार्चमध्ये तुमचा मेल शोधायचा झाला तर तो बहुधा इंग्रजी कीबोर्डवरच शोधेल, आणि सगळं देवनागरीत असेल तर त्याला काही सापडणार नाही. उत्तर देता येणार नाही असा ‘नो रिप्लाय’ पत्ता तर अजिबात नको. ‘दोन पेट्या ठेवा’ एवढं उत्तर लिहून काम झालं पाहिजे.

भाषेचं उत्तर सोपं आहे. ग्राहक फोनवर तुमच्याशी ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेत सब्जेक्ट आणि त्याच भाषेत मेल. पुण्या-मुंबईच्या मराठी यादीला मराठी. इंग्रजी मेलांच्या गर्दीत देवनागरी ओळ आपोआप नजरेत भरते, हा फायदा फुकटचा आहे. बंगळुरूचे जे ग्राहक मराठी वाचत नाहीत त्यांची यादी वेगळी करून त्यांना इंग्रजीत लिहा. एकाच सब्जेक्टमध्ये दोन्ही भाषा कोंबू नका, कारण जागा तेवढी नसते. मोबाइल उभा धरला की साधारण ३० ते ४० अक्षरं दिसतात, पुढे टिंबं येतात. म्हणून मोजत बसण्यापेक्षा पहिल्या तीन-चार शब्दांत मुद्दा येतो का ते बघा. ‘आमच्या सर्व प्रिय ग्राहकांना कळविण्यात आनंद होतो की’ इथेच ओळ संपली तर आंबा टिंबांच्या मागे राहिला. पाठवण्याआधी स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर मेल टाकून बघा. अक्षरं नीट दिसतात ना, जोडाक्षरं तुटत नाहीत ना, तेही त्यातच कळतं.

आंब्याचं चित्र एक चालेल, शेवटी. शब्दाच्या जागी चित्र मात्र नको. ज्यांना कमी दिसतं आणि जे फोनकडून मेल वाचून घेतात, त्यांना तीन चित्रं म्हणजे ‘आंबा, आंबा, आंबा’ असं ऐकू येतं. तुमच्या ग्राहकांत आजी-आजोबा बरेच असणार.

‘फ्री’, ‘ऑफर’ असे शब्द वापरले की मेल स्पॅममध्ये जातो, असं पुतण्याने कुठेतरी वाचलं असेल. अशा शब्दांच्या याद्या फार फिरतात. एकट्या शब्दाने सहसा काही बिघडत नाही. लोक तुमच्या मेलशी कसं वागतात आणि मेल तांत्रिकदृष्ट्या तुमचाच आहे हे सिद्ध होतं का, यावर बरंच ठरतं. वेबसाइट आहे म्हणजे बहुधा तुमचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, आहे. मेल त्याच पत्त्यावरून जाऊ द्या. साध्या जीमेल पत्त्याचं नाव लावून बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून हजारभर मेल पाठवले तर जीमेलला ते दुसऱ्याच्या नावाने पाठवल्यासारखे दिसतात. मेल तुमचाच आहे हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनला जोडल्या आहेत का, ते वेबसाइट करून देणाऱ्याला विचारा. एकदाच करायचं काम आहे. गेल्या वर्षीची अडचण इथलीच असेल, तर सब्जेक्ट कितीही चांगला लिहा, उपयोग व्हायचा नाही. म्हणून हे आधी करून घ्या.

आता हंगामाचं बघू. मला तुमच्या बागेत सात-आठ मेलांची बातमी सहज दिसते.

फेब्रुवारीत, पेट्या निघायच्या कितीतरी आधी: ‘यंदा मोहोर उशिरा, आंबा एप्रिलअखेर’. वाईट बातमी सब्जेक्टमध्ये लिहायला माणूस कचरतो, पण हाच मेल सगळ्यात जास्त वाचला जाईल असं मला वाटतं. थ्रिप्स या किडीने मोहोर गेला असेल, अवकाळी पावसाने कैरी गळली असेल, तर तसं लिहा. भाव का वाढला याचं उत्तर लोकांना आधीच मिळतं आणि मग एप्रिलमध्ये घासाघीस कमी होते.

मग अक्षय्य तृतीया. कितीतरी घरांत त्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा खात नाहीत. आणि फळ काढल्यापासून तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात, हे शहरातल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. तो आदल्या दिवशी फोन करतो. तेव्हा सणाच्या दोन आठवडे आधी: ‘अक्षय्य तृतीयेला आंबा हवा? रविवारपर्यंत कळवा’. ही मुदत झाडाने ठरवलेली आहे. मेलमध्ये दोन ओळींत कारण द्या, लोक स्वतःहून घाई करतील.

जे दर वर्षी घेतात त्यांच्यासाठी वहीतून नावं काढा आणि त्यांना वेगळा मेल पाठवा: ‘गेल्या वर्षीसारख्या २ पेट्या ठेवू का?’ तुमच्या यादीसाठी याहून चांगला सब्जेक्ट मला सुचत नाही. यात माणसाचं नाव नाही, तरी मेल त्याच्यासाठीच आहे हे त्याला कळतं. अट एकच, वहीतला आकडा बरोबर हवा. १ घेतलेल्याला २, २ घेतलेल्याला ३ असं वाढवून लिहायचा मोह टाळा. सॉफ्टवेअरमधून नाव भरायची सोय मात्र जपून वापरा. वहीत कोणी ‘कुलकर्णी काकू ३रा मजला’ असं लिहिलेलं असतं आणि ते तसंच सब्जेक्टमध्ये उतरतं.

पेटी पोचल्यावर: ‘पेटी मिळाली? आढीतला आंबा कधी खायचा ते’. यात विकायचं काही नसतं. पेंढा लगेच काढू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, सुरकुती पडली म्हणजे खराब झाला असं नाही, एवढं सांगा. एखाद्या फळात साका (आतला पांढरट, खराब गर) निघाला तर फोटो पाठवा, असंही लिहा. असा एक मेल मिळालेला माणूस पुढचे चार मेल उघडतो.

नंतर ‘पायरी आली, ३ डझनाच्या पेट्या’. आणि शेवटी, ‘पावसाआधीची शेवटची काढणी’. ती खरंच शेवटची असू द्या.

या सगळ्यात एक पथ्य पाळा: सब्जेक्ट आतल्या मेलपेक्षा मोठा होऊ देऊ नका. पेटी उघडली की वरच्या थरात मोठी फळं आणि खालच्या थरांत बारीक, असा माल तुम्ही कोणाला देत नाही. मेलचंही तसंच. सब्जेक्टमध्ये ‘२०० रुपये कमी’ लिहून आत ‘किमान ४ पेट्यांवर’ अशी अट निघाली तर ग्राहक ती विसरत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुतण्या विचारेल: दोन सब्जेक्ट अर्ध्या-अर्ध्या यादीला पाठवून बघायचे का? बघा, शिकायला मिळतं. पण १,२०० पत्त्यांत निष्कर्ष जपून काढा. ६०० पैकी १२० जणांनी एक मेल उघडला आणि ६०० पैकी १३२ जणांनी दुसरा, तर तो बारा माणसांचा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. ३०हून जास्त माणसांचा फरक पडला आणि पुढच्या वेळीही त्याच बाजूला पडला, तर त्याला काही अर्थ आहे. शिवाय ‘उघडला’ हा आकडाच आता भरवशाचा नाही. २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे, की माणसाने मेल न बघताही आतली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि मेल उघडल्याची नोंद होते. आयफोनवाले ग्राहक तुमच्याकडे असणारच. म्हणून किती जणांनी उत्तर दिलं आणि किती पेट्या बुक झाल्या तेवढं वहीत लिहा, सब्जेक्टच्या शेजारी. दोन हंगामांनी ती वहीच तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला सल्ला देईल.

मोठ्या यादीवर काय दिसतं त्याचं एक उदाहरण सांगते. २०१२च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओबामांच्या प्रचारमोहिमेने निधीसाठी पाठवलेल्या मेलांचे सब्जेक्ट आधी छोट्या गटांवर तपासून मग लाखो लोकांना पाठवले. ‘माझ्यापेक्षा समोरचा जास्त खर्च करणार आहे’ अशा अर्थाच्या सब्जेक्टच्या एका मेलवर २६ लाख डॉलरांहून जास्त निधी जमला. त्या ओळीत ना सवलत होती ना उद्गारचिन्ह. एक अडचण होती, सरळ सांगितलेली. कुठला सब्जेक्ट चालेल याचे त्या जाणकार मंडळींचे अंदाज वारंवार चुकले. ‘Hey’ (आपल्या ‘अरे’सारखी हाक) एवढ्या एका शब्दाचा सब्जेक्टही त्यांच्याकडे खूप चालला. तो मात्र उचलू नका. ओबामांचं नाव सगळ्या देशाला ठाऊक होतं म्हणून तसं जमलं.

वेळेबद्दल फार विचार नको. तुमचे ग्राहक नोकरदार आहेत. संध्याकाळी घरी बोलून पेट्या ठरवतात. दुपारनंतर पाठवा.

राहिली ती यादी. वहीतून घेतलेले पत्ते पेटी पोचवण्यासाठी दिलेले होते की मेल पाठवण्यासाठी, हे सगळ्यांच्या बाबतीत सांगता येणार नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं असलं पाहिजे, असं त्यात म्हटलंय. म्हणून प्रत्येक मेलच्या तळाशी ‘यादीतून नाव काढा’ हे ठळक दिसू द्या. ते सापडलं नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. आणि जानेवारीत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, गेल्या दोन वर्षांत ज्यांनी ना उत्तर दिलं ना पेटी घेतली त्यांना एकच मेल पाठवा. सब्जेक्ट: ‘यंदा आंब्याचे मेल पाठवू का?’ आत दोन ओळी, हो किंवा नाही. जे उत्तर देणार नाहीत त्यांची नावं कमी करा. १,२००चे ८०० झाले तरी वाईट वाटून घेऊ नका. फेब्रुवारीतला मोहोराचा मेल त्या ८०० जणांना पाठवा, आणि त्याचा सब्जेक्ट पुतण्याने नाही, तुम्ही लिहा. मोहोर तुम्ही बघितलेला असतो.